लगीन एकदाच लागतं

माझं लग्न दोनदा लागलं. पहिलं बोईसरच्या चर्चमध्ये, सकाळी अकराला, पाळकांच्या हातून. दुसरं दोन दिवसांनी आमच्या पाड्यावर, रखमामावशीच्या हातून. पहिल्याचा दाखला माझ्या कपाटात आहे. दुसऱ्याला कागद नाही, पण त्या मधल्या दोन दिवसांत सासूने मला चुलीपाशी बसू दिलं नव्हतं. प्रेमाने वागवलं, पाण्याचा तांब्या हातात आणून दिला, आणि पाहुणीला बसवतात तसं ओटीवर बसवून ठेवलं. मावशीचं गाणं झालं आणि त्याच संध्याकाळी तिने माझ्या हातात पळी दिली.

आम्ही वारली. आमच्यात लग्न बाई लावते. तिला धवलेरी म्हणतात. ती गाते, आणि तिच्या गाण्याने लग्न लागतं. बाकी सगळं, हळद, मांडव, जेवण, हे त्याच्या आजूबाजूचं. रखमामावशी, माझ्या आईची थोरली बहीण, गेली चाळीस वर्षं धवलेरी आहे. आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी तिने सूर्या नदीत उभं राहून बाप्तिस्मा घेतला, तेही कोणाच्या सांगण्यावरून नाही. या दोन गोष्टी तिच्यात कधी भांडल्याचं मी पाहिलं नाही. भांडण व्हायचं ते आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, आणि ते टाळायची एक रीत सगळ्यांनी मिळून शोधली होती. लग्न दोनदा लावायचं. चर्चने पाड्यावरचं विचारायचं नाही, पाड्याने चर्चमधलं मोजायचं नाही. जवळजवळ तीस वर्षं हे असंच चाललं.

मावशीच्या नातीचं लग्न ठरलं आणि ही रीत थांबली.

मेघाली मावशीच्या मुलीची मुलगी. आई लवकर गेली, मावशीनेच वाढवली. ती पालघरला एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे. मुलगा चिराग, शेजारच्या पाड्यावरचा, आमच्याच मंडळीतला, एमआयडीसीत ऑपरेटर. मे महिन्यातला शुक्रवार ठरला. एका रविवारी उपासना संपल्यावर मावशी सरळ पास्टर शैलेशपाशी गेली आणि म्हणाली की माझ्या नातीचं लगीन एकदाच लागेल. इथंच लागेल. तू तुझं बोल, मी माझं गाईन.

शैलेश नगरकडचा, बत्तीस वर्षांचा, अजून अविवाहित. आमच्याकडे येऊन त्याला सव्वा वर्ष झालं होतं. त्याच्याविषयी वाईट सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही. पावसात स्कूटर ढकलत पाड्यावर येणारा, आजाऱ्यापाशी तासभर बसणारा पाळक आम्हांला त्याच्याआधी मिळाला नव्हता. त्याने मावशीला नाही म्हटलं नाही. विचार करतो म्हणाला, आणि वरच्या समितीला पत्र पाठवलं. उत्तर दहा दिवसांत आलं. स्थानिक चालीरीती चर्चमध्ये आणायच्या असतील, तर त्यांतले शब्द लिहून आधी मंजुरीसाठी पाठवावेत.

हे काम माझ्याकडे आलं. मी मंडळीची सेक्रेटरी. औषधाच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. मला नीट लिहिता येतं असा मंडळीचा समज आहे. मी वही आणि फोन घेऊन पाड्यावर गेले. मावशी ओटीवर चिंचा फोडत होती. काय हवं ते सांगितलं. तिने चिंचोका बाजूला टाकला आणि विचारलं, लगीन कुठं हाय?

लग्न मे महिन्यात आहे, आता फक्त शब्द लिहून घ्यायचे आहेत, असं मी समजावलं. गाणं पूर्ण नको, थोडा नमुना दे.

"नमुना म्हंजे काय गो? अर्धं लगीन?"

मी फोन पिशवीत ठेवला. तिचं म्हणणं मला माहीत होतं, लहानपणापासून ऐकलं होतं. ती गाणी मांडवाबाहेर म्हणत नाहीत. शेतात नाही, पोरींना शिकवताना नाही. शिकायचं तेही खऱ्या लग्नात, धवलेरीच्या मागे उभं राहून. तरी मी विचारलं, कारण विचारायचं काम माझं होतं. तिने मला चिंचेचा एक गोळा बांधून दिला आणि वाटेला लावलं.

शैलेशला मी झालं ते सांगितलं. मग मावशीलाच कमिटीपुढे बोलवायचं ठरलं.

आमच्या हॉलच्या मागे एक खोली आहे, तिथे कमिटी बसते. आम्ही आठ जण. बोईसरची मंडळी म्हणजे काय, ते त्या खोलीत कळतं. नऊ वाजता हिंदी उपासना, तिला ओडिशा आणि झारखंडचे कामगार येतात. अकराला मराठी. दुपारी मल्याळी. तिन्ही उपासनांचा देव एक आणि चपला ठेवायची जागाही एक, त्यावरून मात्र दर रविवारी वाद. हिंदी उपासनेतून दोघे जण, मल्याळींतून कुरियनअंकल, बाकी आम्ही मराठी. त्यांत मंडळीच्या वडील, म्हणजे ज्येष्ठ पदाधिकारी, रूपालीताई, शाळेतून निवृत्त झालेल्या, शिस्तीच्या.

मावशी खुर्ची नको म्हणाली, बाकाच्या टोकाला बसली. चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं आली. शैलेशने फार सांभाळून विचारलं, की या गाण्यांत देवांची नावं असतात का.

"असतात," मावशी म्हणाली.

रूपालीताईंनी विचारलं कोणाची. मावशीने सांगितलं, धरतरी, कणसरी. एक जमीन, दुसरा दाणा. रूपालीताई म्हणाल्या की या देवी आहेत आणि हे प्रभूचं घर आहे.

"येशूला मी घरात घेतला त्याला अठ्ठावीस वर्सं झाली," मावशी म्हणाली. "तो एकदाबी बोलला नाय, कणसरीला बाहेर काढ म्हणून. तुमीच बोलता."

मग शैलेशने आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. त्याला खरंच वाट काढायची होती. तो म्हणाला, मावशी, एकदा आमच्यासमोर म्हणा, शब्द कळले की मी स्वतः वर लिहीन, तुमच्या बाजूने लिहीन.

"म्हणते. पण म्हटलं की लगीन लागतं. तुमच्यातलं उभं कोण राहातं?"

कुरियनअंकल हसले. त्यांच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झालेली. मावशीने खोलीभर नजर फिरवली आणि ती शैलेशवर आणून ठेवली. "तुझंच राहिलंय. पण पोरगी बघ आदी, मंग मला सांग." सगळे हसले, रूपालीताईसुद्धा. शैलेशचे कान लाल झाले, तरी तोही हसला, आणि म्हणाला की लग्न नको, नुसतं आम्हांला समजावं म्हणून म्हणा.

मावशीने बशीतलं एक बिस्किट उचललं आणि त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं.

"हे घे. याच्यावर तुझे प्रभुभोजनाचे शब्द म्हण. खोटे-खोटे. आमाला समजाय पायजेत."

प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत वाटायची भाकर; पाळकाने ते शब्द म्हटले की ती साधी भाकर राहत नाही.

"तसं नाही म्हणता येत, मावशी."

"का रं?"

खोटं उत्तर त्याला सुचलं असावं, पण त्याने ते दिलं नाही. "ते शब्द दाखवण्यासाठी नसतात," तो म्हणाला.

"मंग?"

एवढंच विचारून ती चहा प्यायली. बिस्किट तिथेच राहिलं, कोणी खाईना.

कुरियनअंकल आता हसत नव्हते. त्यांच्या मुलीचं लग्न याच हॉलमध्ये झालं होतं. त्यांच्यात नवरा नवरीच्या गळ्यात मिन्नू बांधतो, म्हणजे क्रूस कोरलेलं सोन्याचं लहानसं पान, नवरीला दिलेल्या साडीच्या दोऱ्यांत ओवलेलं. अंकल हिंदीत म्हणाले, हमारे मिन्नू का किसी ने लिखके नहीं माँगा. रूपालीताई म्हणाल्या की मिन्नूवर क्रूस असतो. अंकल म्हणाले, क्रूस बाद में आया, मिन्नू पहले से था. मग ते चष्मा पुसत बसले.

मावशीला बाहेर बसायला सांगितलं आणि मतं घेतली. पाच विरुद्ध तीन. पाचांतल्या कोणाला मावशीचा राग नव्हता. त्यांना त्या पत्राची भीती होती. लग्नाच्या दिवशी वरच्या समितीचे तीन पाहुणे येणार होते, मंडळीचं काम पाहायला. त्यांच्यासाठी वेदीमागची भिंत नुकतीच रंगवून घेतली होती, गेरूवर पांढऱ्या रंगात नाचणारी वारली माणसं, एका ठेकेदाराच्या पोरांकडून. आमची चित्रं भिंतीवर चालत होती. आमचे शब्द तोंडात चालत नव्हते.

ठराव रूपालीताईंनी सांगितला, मी लिहायचा. विवाह चर्चमध्ये नेहमीच्या विधीने व्हावा. चर्चमध्ये इतर कोणताही विधी करणाऱ्या व्यक्तीचं नाव प्रभुभोजनाच्या यादीतून एक वर्ष काढावं. विवाहानंतर पाड्यावर काही कार्यक्रम झाल्यास मंडळीस त्याची माहिती नाही.

पहिली दोन वाक्यं मी लिहिली. तिसऱ्याला पेन खाली ठेवलं.

प्रयोगशाळेत आम्ही दोन वेगळे शेरे लिहितो. एक 'आढळले नाही', दुसरा 'तपासले नाही'. पहिला लिहायचा तर आधी बघावं लागतं. न बघता 'आढळले नाही' लिहिणाऱ्याला आमच्याकडे दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेत नाहीत. आणि बघून, सापडल्यावरही 'आढळले नाही' लिहिणाऱ्यासाठी तर शेराच नाही. हे मी कमिटीला सांगितलं. आवाज चढवला नाही, मला चढवता येत नाही.

"मंडळीस माहिती आहे," मी म्हणाले. "मला आहे, पास्टरना आहे. ताई, माझ्या दुसऱ्या लग्नाला तुम्ही पाड्यावर जेवलात. भात दोनदा घेतलात."

"उन्नती, हा काही औषधाचा रिपोर्ट नाही."

"मग पेन तुम्ही घ्या."

त्यांनी घेतलं. ते तिसरं वाक्य वहीत त्यांच्या अक्षरात आहे, शाळेतल्या फळ्यावरच्यासारखं गोल आणि सुबक.

बाहेर पायरीवर मावशी बसली होती. शैलेशने तिच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, यादीचंही. नाव काढणं म्हणजे काय, ते तिला समजवावं लागलं नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती उपाशीपोटी सहा आसनी रिक्षाने येते, पहिल्या बाकावर बसते आणि भाकर हातात पडेपर्यंत पाणीही पीत नाही. अठ्ठावीस वर्षांत तिचे दोन रविवार चुकले, एकदा आईच्या मरणात, एकदा पाय मोडला तेव्हा. तिने एकच विचारलं, पोरीचं नाव तर नाय ना काढणार. शैलेश म्हणाला, नाही.

"मंग ठीक."

शैलेशने सुस्कारा सोडला. रूपालीताईंनीही. मावशीच्या तोंडी 'ठीक' म्हणजे होकार नसतो. ऐकलं, एवढाच त्याचा अर्थ. मला ते माहीत होतं. मी कोणाला सांगितलं नाही.

लग्नाच्या शुक्रवारी हॉल भरला होता. पाड्यावरून दोन टेम्पो आले. समितीचे पाहुणे पहिल्या रांगेत बसले. त्याआधी त्यांनी भिंतीपुढे उभं राहून फोटो काढून घेतले. मी वेदीच्या डाव्या बाजूला, विवाहाचं रजिस्टर उघडून बसले होते, नवरानवरीपासून तीन हातांवर. मेघाली पांढऱ्या साडीत. चिरागचा कोट भाड्याचा, बाह्या लांब, त्यामुळे त्याची बोटंच तेवढी दिसत होती.

गीत झालं, वचन वाचलं. शैलेशने चिरागला विचारलं, या स्त्रीला तू आपली पत्नी म्हणून पत्करतोस काय. चिराग होय म्हणाला, जरा घाईनेच. मग मेघालीला विचारलं.

मेघाली बोलली नाही.

शैलेशला वाटलं लाजते आहे. लोक हसले. त्याने प्रश्न पुन्हा म्हटला, हळू, एकेक शब्द.

"आजी अजून बोलली नाही," मेघाली म्हणाली.

ती मोठ्याने बोलली नव्हती, पण माइक जवळ होता. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. शैलेश पुढे वाकून, माइकवर हात ठेवून तिला म्हणाला की आजी संध्याकाळी घरी बोलेल, सगळं होईल. मला तीन हातांवर नीट ऐकू येत होतं.

"मला दोनदा नाही करायचं, पास्टर. दोनदा केलं तर एक खोटं होतं. कुठलं ते तुम्ही सांगा, मी ते सोडते."

चिरागने बाहीतून हात बाहेर काढला आणि तिचा धरला. चर्चमध्ये हात धरायची वेळ अजून यायची होती.

मावशी पहिल्या बाकावरून उठली. तिच्यामागे पाड्यावरच्या दोघी उठल्या, तिच्या मागे उभं राहून शिकणाऱ्या. ती वेदीपाशी आली, आणि शैलेशला म्हणाली, "जरा सरक, बाबा."

त्याच्या हातात बरंच होतं. तो प्रार्थना सुरू करू शकला असता, पेटीवाल्याला खूण करू शकला असता. त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं. पाहुण्यांतल्या एका गृहस्थांनी मान स्पष्ट नकारार्थी हलवली. शैलेश एक पाऊल डावीकडे गेला. ती जागा त्याने दिली की तिने घेतली, हे मी इतक्या जवळून पाहूनही सांगू शकत नाही.

मावशी गायली. बावीस मिनिटं. ते गाणं कानाला गोड लागत नाही. तीन-चार स्वर, तेच ते, पाठीमागच्या दोघी शेवटचा शब्द उचलून पुन्हा तिच्या हाती देतात. पेटीवाल्याने पट्टी शोधून पाहिली आणि हात मांडीवर ठेवले. तिने जमिनीला बोलावलं, दाण्याला बोलावलं. सूर्या नदीला, पाड्याच्या वेशीला. पाहुण्यांतले एक जण उठून बाहेर गेले. मग घरातली गेलेली माणसं, मेघालीचा आजा महादू, मेघालीची आई. त्या आईच्या नावानंतर येशूचं नाव आलं. मोठ्या देवांत नाही. घरच्यांत, जेवायला बसायच्या माणसांत.

हे नाव गाण्यात आहे एवढं मावशीने कमिटीत सांगितलं असतं, तरी दोन मतं फिरली असती. ती सांगणार नव्हती. माझ्या दुसऱ्या लग्नात मी ते ऐकलं होतं, आणि मीही सांगितलं नाही. मंजुरीसाठी दाखवायचं नाव ते नव्हतं.

मल्याळी उपासनेची माणसं त्यांच्या शुक्रवारच्या प्रार्थनेसाठी नेहमीप्रमाणे लवकर येऊन दारात उभी होती. त्यांच्यात कुरियनअंकल होते, हात जोडलेले.

गाणं थांबलं तसं मावशीने पदराने तोंड पुसलं आणि शैलेशला म्हणाली, "आता तू."

त्याने मेघालीला तिसऱ्यांदा विचारलं, आणि ती होय म्हणाली, इतक्या खणखणीत की मागची पोरं दचकली. त्याने ते दोघे नवराबायको असल्याचं जाहीर केलं.

रजिस्टरमध्ये 'विवाह लावणाऱ्याचे नाव' असा एक रकाना असतो. तो लहान आहे, एका नावापुरता. मी अक्षर बारीक केलं आणि दोन ओळींत दोन नावं लिहिली. वर रखमा, खाली शैलेश. ज्या क्रमाने लागलं त्या क्रमाने. मग रजिस्टर सहीसाठी त्याच्याकडे वळवलं.

त्याने वाचलं. "उन्नती, हे वरून परत येईल."

"येऊ दे. मी पुन्हा हेच लिहीन."

"तुलाही काढतील सेक्रेटरीपदावरून."

"काढतील. जो येईल त्यालाही आज काय झालं ते विचारावं लागेल."

त्याने पेन घेतलं. मागे पाहुण्यांपैकी उरलेले दोघे त्याची वाट बघत उभे होते, एकाच्या हातात फोन. त्याने नावं खोडली नाहीत. सही केली आणि माझ्याकडे न बघता रजिस्टर मिटलं.

बाहेर टेम्पोपाशी तो मावशीला गाठून बोलला. त्याला ते इतर कोणाच्या तोंडून तिला कळायला नको होतं. ठराव झालेला आहे, तो म्हणाला, मला तुमचं नाव यादीतून काढावं लागेल, मावशी, एक वर्ष. त्याचे डोळे भरले होते. मावशीला रडणारे पुरुष आवडत नाहीत. ती टेम्पोत चढायला पायरी शोधत राहिली.

"काढ," ती म्हणाली. "लगीन काढता येतं काय?"

"नाही."

"मंग जेवायला ये. आणि मी पहिल्या रविवारी येईन, तिथंच बसेन. भाकर घेऊन माझ्यापुढून जायचं तर तू जा. मी काय उठत नाय."

तिने हात पुढे केला, मी आधीच वर चढले होते, तिला ओढून घेतलं. आत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. ती त्यांना सरकायला सांगू लागली.